ढालकिड्याचा पोशाख

सृष्टीत काही जीव असे आहेत की, त्यांस पाहताच मनुष्याच्या मुखावर हसू येते. आणि काही असे आहेत की, त्यांस पाहताच त्याचा हात पायातील वहाणेकडे जातो. या दोहोंपैकी मनुष्याचे हित कोणी केले व अहित कोणी केले, याची चौकशी सहसा होत नाही. खटला पोशाखावरून चालतो व निकालही पोशाखावरूनच लागतो. ज्याचे अंग वाटोळे, चकचकीत व रंगीत, तो निर्दोष सुटतो; ज्याचे अंग लांबट, काळपट व काटेरी, तो जागच्या जागी देहदंडास पात्र ठरतो.

पहिल्या वर्गातील अत्यंत भाग्यवान जीव म्हणजे ढालकिडा होय. त्याच्या पोशाखासंबंधी चार शब्द लिहावे असे योजिले आहे. विषय कोणास पोरकट वाटेल, व काही अंशी तो तसा आहेही. परंतु सोलापूर जिल्ह्यातील कित्येक घरांची भाकरी ज्या ज्वारीवर आणि कित्येकांचा संसार ज्या डाळिंबावर चालतो, त्या पिकांपर्यंत या इवल्याशा पोशाखाचा संबंध पोहोचतो. म्हणून विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांनीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. मसुरीच्या डाळीचा एक दाणा पालथा ठेवावा, त्यास सहा आखूड पाय व दोन बारीक मिशा लावाव्या, आणि पाठीवर काळ्या शाईने नक्षी काढावी, म्हणजे ढालकिडा तयार होतो. वरून घुमटासारखा, खालून सपाट. आमच्या भवानी पेठेत घरे फार आणि झाडे थोडी; तरीही गच्चीवरील कुंडीत, पडिक जागेतील रुईच्या झुडपावर, किंवा हिवाळ्यात शहराबाहेर हुरडा खावयास गेले असता ज्वारीच्या पानावर ही मूर्ती दृष्टीस पडते. आपल्याकडे जो ढालकिडा पुष्कळ आढळतो, त्याच्या लॅटिन नावात शास्त्रज्ञांनी सहा ठिपके घातले आहेत. परंतु त्याच्या पाठीवर पाहावे, तो बहुधा नागमोडी काळ्या रेघाच दिसतात. कोण्या विणकराने चादरीचा काठ विणून झाल्यावर उरल्या सुतात याचा अंगरखा विणून टाकला असावा, असा भास होतो. जगात या कुळाच्या सुमारे सहा हजार जाती आहेत. कोणी तांबडा, कोणी पिवळा, कोणी काळा. कोणास दोन ठिपके, कोणास सात, कोणास अठ्ठावीस, आणि कोणास एकही नाही.

इंग्रजीत यास लेडीबर्ड म्हणतात. मुलींच्या एका सायकलीसही हेच नाव असल्यामुळे ते आपल्या घरोघरी ठाऊक आहे. नावाचा अर्थ मात्र मोठा मौजेचा आहे. हा बर्ड नव्हे, हे उघड आहे. आणि यांत नरही असल्यामुळे सगळेच काही लेडी नव्हेत. येथील लेडी म्हणजे कोणी मड्डम नसून येशूची माता मरीया होय. युरोपातील जुन्या चित्रांतून तिच्या अंगावर पुष्कळदा तांबडा झगा असे. तेथील सात ठिपक्यांच्या ढालकिड्याचा तांबडा रंग म्हणजे तो झगा, आणि सात ठिपके म्हणजे मरीयेची सात दुःखे, अशी भाविकांनी सांगड घातली. जर्मन लोक त्यास मरीयेचा भुंगा म्हणतात. रशियन लोक देवाची गाय म्हणतात, आणि इब्री भाषेत तो मोशेची गाय होतो. आपल्याकडेही मृगाच्या पावसाबरोबर जमिनीवर जो मखमली लाल जीव दिसतो, त्यास संस्कृतात इंद्रगोप असे नाव आहे. तो जीव निराळा. त्यास आठ पाय असतात व तो कोळ्यांच्या जवळच्या कुळातला. परंतु मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. लहानसा लाल जीव दिसला की, त्याची मालकी देवाकडे लावून द्यावयाची!

मराठीत मात्र या किड्यास दोन नावे आहेत, आणि ती दोन्ही अधिक विचाराची आहेत. एक चित्रांग भुंगेरा, दुसरे ढालकिडा. पहिले नाव ठेवणाऱ्याने अंगावरील चित्र पाहिले. दुसरे ठेवणाऱ्याने त्या चित्राखालील ढाल पाहिली. पहिल्याची दृष्टी चिताऱ्याची, दुसऱ्याची शिपायाची. आम्हास दुसरे नाव अधिक आवडते. कारण या जीवाचा पोशाख नटण्यासाठी नसून रक्षणासाठी आहे, हे ते नाव एका शब्दात सांगते.

ती ढाल म्हणजे वस्तुतः पुढच्या पंखांची जोडी होय. हे पंख कठीण झालेले असतात. उडावयाची वेळ आली की ढालीची दोन दारे उघडतात आणि त्यांखालून पातळ, पारदर्शक असे मागचे लांब पंख बाहेर येतात. उडून झाल्यावर ते पुन्हा घड्या घालून आत ठेविले जातात. लांब पंख आखूड ढालीखाली कसे मावतात, हे पुष्कळ दिवस नीट पाहता येत नव्हते. कारण घडी घालण्यापूर्वीच बाईसाहेब दारे लावून घेत! शेवटी २०१७ साली टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी एका ढालकिड्याच्या ढालीचा भाग काढून तेथे पारदर्शक कृत्रिम तुकडा बसविला, आणि त्या खिडकीतून आतील घडीकाम पाहिले. कागदाच्या घड्या घालण्यात प्रवीण असलेल्या देशाने हे काम करावे, हे योग्यच झाले.

आता रंगाकडे वळू. दुर्बळ प्राण्याने पानाच्या रंगात लपून बसावे, हा शहाणपणाचा मार्ग होय. मग हा मसुरीएवढा जीव हिरव्या पानावर तांबडा झगा घालून राजरोस कसा हिंडतो? उत्तर असे की, त्याचा झगा ही एक पाटी आहे, आणि तीवर 'मी कडू आहे' असे लिहिलेले आहे. त्यास चिमटीत धरले तर तो पाय आवळून मेल्याचे सोंग घेतो, आणि त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर, उग्र वासाचा कडू रस पाझरतो. ज्या पक्ष्याने एकदा त्याची चव घेतली, तो पुढे त्या रंगाच्या वाटेस सहसा जात नाही. याप्रमाणे ज्या रंगास भुलून मनुष्य त्यास तळहातावर घेतो, त्याच रंगास भिऊन पक्षी त्यास सोडून देतो. एकाच अक्षराचे दोन वाचकांनी दोन अर्थ लावावे, त्यातला हा प्रकार आहे.

ठिपक्यांविषयीही एक गैरसमज मुलांत फार आढळतो. जितके ठिपके तितकी वर्षे, असे ती म्हणतात. हे खरे मानल्यास अठ्ठावीस ठिपक्यांच्या भुंगेऱ्यास लवकरच नोकरी लागली पाहिजे! खरी गोष्ट अशी की, ठिपक्यांची संख्या जातीवर अवलंबून असते, वयावर नव्हे. आणि ढालकिड्याचे सर्व आयुष्य बहुधा काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे असते. कोशातून नुकताच बाहेर आलेला ढालकिडा फिकट पिवळा, मऊ व पुष्कळदा ठिपक्यांवाचून असतो. काही तासांत त्याची ढाल कठीण होते आणि मग त्यावर हळूहळू नक्षी उमटते.

येथवर विनोद झाला. आता मुख्य मुद्दा. या सुंदर जीवाचे बालपण सुंदर नसते. मादी पानाच्या मागील बाजूस पिवळी, उभट अंडी पुंजक्याने घालते. तीन-चार दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. अळी काळपट व लांबट असते, अंगावर नारिंगी किंवा पांढरट डाग व बारीक काटे असतात, आणि चालताना ती एखाद्या बोटभर नव्हे, दाणाभर मगरीसारखी दिसते. ढालकिडा पाहून आनंदाने ओरडणारे मूल हीच अळी पाहून शहारते, आणि कुंडीला पाणी घालणारी आई तीस 'कीड लागली' म्हणून चिरडून टाकते. ज्याच्या वाढदिवसास आपण मिठाई वाटणार, त्यास पाळण्यातच मारावे, असा हा न्याय आहे.

आणि तीच अळी तर खरी कामकरी! ज्वारीच्या पानांवर मावा पडला म्हणजे पाने गोड, चिकट स्रावाने माखतात. आपल्याकडील शेतकरी यास चिकटा पडला असे म्हणतात. पुढे त्यावर काळी बुरशी धरते, पानांचे काम मंदावते व कडब्याचीही प्रत जाते. मंगळवेढा व आसपासच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पिकविणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. मावा हेच ढालकिड्याचे व त्याच्या अळीचे अन्न. भरपूर मावा मिळाला तर एक ढालकिडा दिवसाकाठी पन्नासच्या आसपास मावा सहज फस्त करितो, आणि कोशात जाईपर्यंत एक अळी शेकड्यांनी खाते. मुंग्यांस माव्याचा गोड स्राव हवा असतो, म्हणून त्या गुराख्याप्रमाणे माव्याची राखण करितात व ढालकिड्यास हुसकावून लावितात. त्या वेळी त्याची ढाल उपयोगी पडते. तो पाय आत घेऊन पानास घट्ट चिकटून बसतो, आणि मुंगीचे दात त्या घुमटावरून निसटतात.

पिठ्या ढेकणाचा शत्रू असलेल्या ढालकिड्याची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली कॉफीच्या झाडांवरील किडीसाठी तो हिंदुस्थानात आणिला गेला, आणि आज द्राक्षे, डाळिंब व सीताफळ यांच्या बागांतून पिठ्या ढेकणावर सोडण्यासाठी तो प्रयोगशाळांत मुद्दाम वाढविला जातो. त्याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके असतात, आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते. पोलिसाने चोराचाच वेष घेऊन चोरांत मिसळावे, तसे हे आहे. परंतु हा वेष न ओळखणारा बागाईतदार चोराबरोबर पोलिसासही औषधाच्या फवाऱ्याने मारितो, आणि मग बंदोबस्त राहिला नाही म्हणून तक्रार करितो.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर वकिली एकतर्फी होईल. वांग्याच्या झाडाची पाने चाळणीसारखी झालेली पुष्कळांनी पाहिली असतील. पानाचा हिरवा गर खरवडून खावयाचा आणि शिरांची जाळी तेवढी ठेवावयाची, हे काम अठ्ठावीस ठिपक्यांच्या भुंगेऱ्याचे. हा ढालकिड्यांच्याच कुळातला, त्याच घडणीचा, तसाच ठिपकेदार. परंतु पक्का शाकाहारी, आणि म्हणूनच माळ्याचा शत्रू. शाकाहार हा सर्वत्र सद्गुण ठरत नाही, हे येथे दिसून येते. त्यास ओळखण्याची खूण सोपी आहे. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची पाठ बहुधा घासलेल्या तांब्यासारखी चकाकते. या भुंगेऱ्याच्या पाठीवर बारीक लव असल्यामुळे ती तपकिरी व निस्तेज दिसते. त्याची अळी पिवळसर असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. शिवाय या कुळात एक लिंबासारखा पिवळा भाऊबंद आहे. तो मावाही खात नाही व पानेही खात नाही, तर काकडी-भोपळ्याच्या पानांवर पडणारी भुरीची बुरशी खातो. एकाच कुळात एक मांसाहारी, एक शाकाहारी, एक बुरशी खाणारा. आणि अंगरखे मात्र एकाच शिंप्याने शिवलेले!

ढालकिडा हा सद्गुणांचा पुतळा आहे, असेही कोणी समजू नये. अन्न कमी पडले तर त्याच्या अळ्या आपल्याच भावंडांस खातात. एका प्रदेशातला उपकारी जीव दुसऱ्या प्रदेशात उपद्रवी ठरतो, असेही घडले आहे. पूर्व आशियातील एक ढालकिडा मावा खाण्यासाठी म्हणून अमेरिकेत व युरोपात नेण्यात आला; तो तेथे इतका माजला की त्याने तेथील मूळच्या ढालकिड्यांस मागे रेटले, आणि २००४ साली तो इंग्लंडातही जाऊन पोहोचला. परंतु यशाचे उदाहरणही तितकेच मोठे आहे. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवलेकिडीने बुडत चालल्या असता १८८८ साली अल्बर्ट कोबेले नावाच्या गृहस्थास ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आले. त्याने धाडलेल्या पहिल्या काही खेपांत मिळून अवघे १२९ ढालकिडे होते. त्यांच्या संततीने दोन वर्षांच्या आत त्या बागा वाचविल्या. दोन्ही ठिकाणी धंदा एकच, झगाही तसाच झगझगीत. परिणाम मात्र भिन्न. म्हणून झग्यावर प्रेम करणे पुरेसे नाही; तो झगा कोणाचा, तो कोठे आहे व काय खातो, हे पाहिले पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. रूप ही वाचावयाची गोष्ट आहे, आवडण्या-नावडण्याची नव्हे. आपण मुलांस फुलपाखराचे चित्र रंगवावयास देतो, ढालकिड्याचा आकार पाटीवर काढून दाखवितो. परंतु पानाची मागील बाजू उलटून पाहावयास शिकवीत नाही. परिणामी शहाणे झालेले मूलही पुढे शेतात गेल्यावर दोनच वर्ग ओळखते: सुंदर आणि किळसवाणे. मग औषधाचा पंप पाठीवर चढतो, आणि पंपास तर तेवढाही भेद कळत नाही. मावा मरतो, ढालकिडा मरतो, अळी मरते. माव्याची पैदास झपाट्याची, म्हणून तो थोड्याच दिवसांत परत येतो. ढालकिडा मागाहून येतो, आणि तोवर शेतकऱ्याने दुसऱ्या फवारणीचे पैसे दुकानात मोजलेले असतात.

कोणी पालक म्हणतील, "गुरुजी, तुम्ही पाने उलटून पाहात बसाल, तोवर आमचे पीक जाईल." ही हरकत रास्त आहे. फवारणी कधीच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. कृषिशास्त्रज्ञही आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून एक मर्यादा सांगतात. कीड तिच्यापुढे गेली तर उपाय केलाच पाहिजे. परंतु ती मर्यादा ओलांडली की नाही, हे शेतात फिरून मोजल्यावाचून कसे कळणार? दहा-वीस झाडे पाहावी, मावा किती व ढालकिडे, त्यांच्या अळ्या व अंडी किती, हे मोजावे, मग ठरवावे. या कामास अर्धा तास लागतो, आणि ते आठवीतील मुलासही करता येते. २००५ सालापासून आपल्या सोलापुरातच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. शंका आल्यास विचारावयास फार दूर जावयास नको. पिकाच्या कडेने चवळीच्या किंवा मक्याच्या चार ओळी लावल्या तर त्यांवर ढालकिडे आधी जमतात व तेथून मुख्य पिकात उतरतात, हा उपायही स्वस्तातला आहे.

पालकांस आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते, ती शिक्षक या नात्याने. आमच्या वर्गांतही पुष्कळ मुले अजून अळीच्या वयातली असतात. त्यांचे अक्षर वाईट असते, कपड्यांवर शाई सांडलेली असते, बोलणे खडबडीत असते. वार्षिक गुणपत्रिका ही त्यांच्या पाठीवरील ठिपक्यांची संख्या होय. तीवरून जात काही अंशी कळेल, वय व योग्यता कळेलच असे नाही. आणि ठिपके तर ढाल कठीण होत असताना उमटतात, त्यापूर्वी नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी कोणास वाटेल की, मसुरीएवढ्या किड्याकडे पाहून काय मिळणार? १९९९ सालची एक हकीकत ऐका. चिली देशातील काही शाळकरी मुलींना एक प्रश्न पडला. ढालकिडा आला की मावा पुष्कळदा पानावरून खाली पडून जीव वाचवितो; जेथे खाली पडणेच शक्य नाही, अशा ठिकाणी काय होईल? प्रश्न इतका चांगला होता की, त्या वर्षी जुलै महिन्यात आयलीन कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या कोलंबिया या अवकाशयानातून चार ढालकिडे व मावा अंतराळात पाठविण्यात आले. तेथेही ढालकिड्यांनी आपले भोजन चुकविले नाही. त्या मुलींजवळ मोठी यंत्रे नव्हती. पानावर काय चालले आहे ते नीट पाहण्याची सवय होती.

तुम्हीही एवढे करा. येत्या हिवाळ्यात रुईचे किंवा ज्वारीचे एकच झाड निवडा आणि तीन आठवडे रोज पाच मिनिटे त्याकडे पाहा. ढालकिडा काडेपेटीत कोंडून शाळेत आणू नका. त्याचे काम तेथे आहे, येथे नाही. अंडी कोणत्या दिवशी दिसली, अळी केव्हा निघाली, तिने काय खाल्ले, कोश कोठे चिकटला, नव्या पाठीवर पहिला ठिपका केव्हा उमटला, हे वहीत तारखेसह लिहा. ती वही वर्गात घेऊन या. आणि घरी कोणी पानावरील काळपट अळीवर वहाण उगारलीच, तर आधी तीच वही त्यांच्यापुढे धरा.